आधी हिशेब, मग मागणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

ग्रामसभा म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. २६ जानेवारीचे झेंडावंदन आटोपलेले असते. शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरलेली असते. शंभरेक माणसे जमतात, त्यातली निम्मी उभीच असतात. एकजण उठून म्हणतो, आमच्या गल्लीला रस्ता द्या. दुसऱ्याला खांबावर दिवा हवा असतो, तिसऱ्याला समाजमंदिर, चौथ्याला स्मशानभूमीत शेड. ग्रामसेवक सगळे लिहून घेतात. (२०२४ मध्ये त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले, पण लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे.) पुढच्या वर्षी हीच यादी पुन्हा वाचली जाते आणि त्याच्या पुढच्या वर्षी माणसे येईनाशी होतात. ग्रामसभेत जाऊन होते काय, असा प्रश्न मग सहजच विचारला जातो.

या प्रश्नाला सरपंच वाईट, ग्रामसेवक वाईट, लोक उदासीन, अशी उत्तरे दिली जातात. त्यात थोडेफार तथ्य असेलही. पण मला वाटते, चूक क्रमात आहे. आपण सुरुवात मागणीपासून करतो. पैसा किती, तो कुठून आला, त्यातला किती आधीच बांधला गेला आहे आणि किती मोकळा आहे, हे माहीत नसताना केलेली मागणी म्हणजे अर्ज. अर्ज करणारा नेहमी खालच्या पायरीवर उभा असतो. ज्याच्या हातात हिशेब असतो तो वरच्या पायरीवर.

कायद्याने मात्र आपल्याला खालच्या पायरीवर ठेवलेले नाही. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत ते सगळे मिळून ग्रामसभा होते. ती पंचायतीसारखी निवडून येत नाही आणि तिची मुदतही कधी संपत नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार पुरतात. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात शंभर जण आले की सभा कायदेशीर. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. सोय म्हणून ठेवलेली ही तरतूद कित्येक गावांत पळवाट झाली आहे. पहिली सभा तहकूब होऊ द्यायची आणि दुसरी दहा-वीस जणांत उरकायची, ही युक्ती गावोगावच्या जाणत्यांना ठाऊक असते.

आता पैशाकडे वळू. ग्रामपंचायतीचा पैसा ढोबळमानाने तीन वाटांनी येतो. पहिली वाट स्वतःच्या उत्पन्नाची : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराची फी, गाळ्यांचे भाडे. दुसरी केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाची. तिसरी वेगवेगळ्या सरकारी योजनांची. ही तिसरी वाट वरूनच ठरून येते. कामाचे नाव, रक्कम आणि नियम सगळे त्यात असते, गावाला फारसे बदलता येत नाही. म्हणून लोकांनी लक्ष घालायचे ते प्रामुख्याने पहिल्या दोन वाटांवर.

वित्त आयोगाच्या अनुदानात २०१५ पासून मोठा बदल झाला. चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामीण भागाचा पैसा थेट ग्रामपंचायतींनाच द्यावा अशी शिफारस केली. पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामपंचायतींकरिता दोन लाख कोटी रुपयांहून थोडी अधिक रक्कम होती. गावाने स्वतःचा विकास आराखडा करायचा ही अट त्याबरोबरच आली. आपल्याकडे ‘आमचा गाव आमचा विकास’ या नावाने ते काम सुरू झाले. पुढे २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंधराव्या आयोगाचे अनुदान आले तेव्हा त्याचे दोन भाग झाले होते. ६० टक्के बंधित, म्हणजे अर्धे पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित. ते गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येते, मात्र पगार आणि आस्थापनेच्या खर्चासाठी नाही.

हे आकडे एका गावात मांडून पाहू. गाव कल्पित आहे आणि आकडेही समजुतीपुरते आहेत. तीन हजार वस्तीचे, सहाशे उंबऱ्यांचे गाव. समजा, वित्त आयोगाचे वर्षाला पंधरा लाख आले. त्यातले नऊ लाख बंधित : साडेचार पाण्याला, साडेचार स्वच्छतेला. मोकळे सहा लाख. ग्रामसभेत आलेल्या मागण्यांची बेरीज कोणी केली तर ती साठ-सत्तर लाखांच्या घरात जाईल. ही बेरीज सभेत कधीच केली जात नाही. केली, तर चर्चेचा सूरच बदलेल. मला काय हवे, याच्या जागी सहा लाखांत आधी कोणाचे, हा प्रश्न येईल. तो अवघड आहे, भांडणाचा आहे, पण खरा आहे.

आता त्याच गावाची पाणीपट्टी बघा. घरटी वर्षाला हजार रुपये धरले तर मागणी सहा लाखांची. वसुली झाली तीन लाख. पाणीयोजनेचा खर्च मात्र पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन, टीसीएल पावडर आणि मोटारीची दुरुस्ती धरून सात लाख. चार लाखांची ही खिंडार बुजवायची कशाने? बहुतेक वेळा वीजबिल थकवले जाते. थकबाकी फार झाली की वीज तोडली जाते आणि नळ कोरडे पडतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने पथदिव्यांची आणि पाणीयोजनांची वीजबिले वित्त आयोगाच्या निधीतून भरायला सांगितली, तेव्हा ठिकठिकाणच्या सरपंचांनी विरोध केला. विकासाचा पैसा बिलात का घालायचा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणणे रास्त होते. पण त्याच्या पाठीमागचा दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही : बिल पाणीपट्टीतून का निघत नाही?

या साडेचार लाखांतून गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत पाइप न्यायचा होता असे समजा. ती रक्कम बिलात गेली. वस्तीवरची बाई हंडा घेऊन चालतच राहिली. गावठाणात नळाला पाणी येते, पाणीपट्टी थकते आणि त्याची किंमत जिच्या दारात नळच नाही ती मोजते. मागण्यांच्या यादीत हे कुठेच दिसत नाही. ते जमाखर्च शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसते.

घरपट्टीचेही तसेच. स्वतःच्या उत्पन्नातून पंचायतीने १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या कल्पित गावात घरपट्टीची मागणी सहा लाख आणि वसुली साडेतीन लाख असेल, तर दिव्यांगांच्या वाट्याला येतात साडेसतरा हजार. वसुली पूर्ण झाली असती तर तीस हजार आले असते. थकबाकीदाराने बुडवलेल्या रकमेत गावातल्या एखाद्या अपंग मुलाच्या तीनचाकीचे पैसेही असतात.

वसुलीचे हे दुखणे गावाला माहीत नसते असे नाही. सरपंचाला मते हवी असतात, ग्रामसेवकाला वाद नको असतो. थकबाकीदारांची यादी नमुना नंबर ९, म्हणजे मागणी नोंदवहीत, नावानिशी तयार असते. ती ग्रामसभेत वाचली जात नाही, कारण तिच्यात वरच्या बाजूला कोणाची नावे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते. गरिबाचे दोनशे रुपये दाखल्यासाठी अडवून वसूल करता येतात. मोठ्या वाड्याचे वीस हजार कोण मागणार?

कागद मोठ्याने वाचण्यात किती ताकद आहे, हे राजस्थानात दिसले. तिथे मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावी पहिली जनसुनावणी घेतली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी त्यात होती. सरकारी कामांचे मस्टर मिळवायचे आणि चारचौघांत मोठ्याने वाचायचे, एवढाच कार्यक्रम. अमक्याने इतके दिवस काम केले, तमक्याने इतकी मजुरी घेतली. ऐकणाऱ्यांत ती माणसे स्वतः बसलेली. कोणी म्हणाले, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. कागदोपत्री झालेली आणि जमिनीवर कधीच न झालेली कामे उघडी पडली. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्याच आंदोलनातली. माहितीच्या अधिकाराची मागणी तिथून जोर धरत गेली. महाराष्ट्राचा कायदा २००२ मध्ये आला, त्यामागे अण्णा हजारे यांची उपोषणे होती. देशाचा कायदा २००५ मध्ये झाला. वकिली पुस्तकातून हा कायदा आलेला नाही, मजुरीच्या हिशेबातून आला. आपण तो आता बहुतेक एकेकट्याने, दहा रुपयांचा अर्ज करून वापरतो. अर्ज करणाऱ्याला कागद मिळतो, पण तो त्याच्या पिशवीतच राहतो. चारचौघांत वाचण्याची सवय मागे पडली, याची मला खंत वाटते.

हिशेब फक्त पैशांचा असतो असे नाही. नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार आपल्या परिचयाचे आहे. पोपटराव पवार तिथे १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, तेव्हा गाव दुष्काळाने आणि भांडणांनी पोखरलेले होते. पाणलोटाची कामे झाली, झाडे लागली, हे आपण नेहमी ऐकतो. पण बंधारे तर अनेक गावांत झाले आणि त्यातल्या कितीतरी गावांत टँकर पुन्हा आलेच. हिवरे बाजार वेगळे ठरले ते पाण्याच्या ताळेबंदामुळे. पाऊस किती झाला ते मोजायचे, विहिरींची पातळी मोजायची. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे. उरलेल्यात रब्बीचे किती क्षेत्र भागेल ते ग्रामसभेत मांडायचे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिके करायची नाहीत, हे गावाने आधीच ठरवलेले. २००४ पासून भूजल विभागाच्या मदतीने हा ताळेबंद पद्धतशीर होऊ लागला.

यातली मेख लक्षात घ्या. ज्याची विहीर त्याचे पाणी, असे मानणाऱ्या मुलखात एका गावाने ठरवले की जमिनीखालचे पाणी हा सामाईक खजिना आहे आणि त्याचाही अर्थसंकल्प लागतो. उसाला पाणी पाहिजे असे म्हणणारा माणूस तिथेही असेलच. पण त्याच्यासमोर फळ्यावर आकडा असतो. आकड्याशी भांडणे माणसाशी भांडण्यापेक्षा अवघड. बंदी कोणा पुढाऱ्याची न राहता पावसाची होते. पुढे अटल भूजल योजनेतही गावांना असाच ताळेबंद मांडायला सांगितला गेला. त्यातल्या किती गावांत तो फळ्यावर गेला आणि किती ठिकाणी फायलीत राहिला, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते तपासावे.

गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गाव तर याच्याही पुढे गेले. देवाजी तोफा यांचे हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव. मोहन हिराबाई हिरालाल यांची त्याला दीर्घकाळ साथ होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत असते. त्यामागची मेहनत मात्र फार थोड्यांना माहीत असते. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यासगटांत विषयाचा खल होतो. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, किती आहे, हे समजून घेतले जाते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला, म्हणजे हिशेब ठेवण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर आली. ती त्यांना पेलली, कारण अभ्यासाची सवय पैसा येण्याच्या आधीपासूनची होती.

कोणी म्हणेल, लहान गावाचे ठीक आहे. चारशे-पाचशे माणसे एका झाडाखाली बसू शकतात. शहराचे काय? पाच-दहा लाखांच्या शहरात कोण कोणाबरोबर बसणार?

या प्रश्नाचे सगळ्यात गाजलेले उत्तर ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे या शहराने दिले. तेरा लाखांच्या आसपास वस्तीचे हे शहर. १९८९ मध्ये कामगार पक्षाचे ओलिव्हिओ दुत्रा महापौर झाले आणि महापालिकेचा विकासखर्च कशावर करायचा हे लोकांना विचारायचे ठरले. शहराचे सोळा विभाग करून प्रत्येक विभागात खुल्या सभा घेतल्या गेल्या. सभांनी प्रतिनिधी निवडले, प्रतिनिधींमधून अंदाजपत्रक परिषद झाली. पैसे वाटण्याचे सूत्र होते : विभागात ती सोय किती कमी आहे, लोकसंख्या किती आहे आणि त्या विभागाने कशाला अग्रक्रम दिला आहे. ज्याच्याकडे गटार नाही त्याचे वजन जास्त. नव्वदचे दशक संपेपर्यंत शहरातल्या जवळजवळ सगळ्या घरांत नळ पोहोचला होता. पुढे जगभरातल्या शेकडो शहरांनी ही पद्धत उचलली.

पण मला या गोष्टीतला एक जरा आडबाजूचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षी लोक उत्साहाने आले, भरपूर मागण्या केल्या आणि जवळजवळ काहीच झाले नाही. कारण उत्पन्नाचा बहुतेक भाग पगारातच जात होता. दुसऱ्या वर्षी सभांना माणसे कमी झाली. आपल्या २६ जानेवारीच्या सभेसारखेच! तेव्हा महापालिकेने लोकांपुढे खरी परिस्थिती मांडली आणि मालमत्ता कराची फेररचना केली. ज्याची मालमत्ता मोठी त्याला कराचा दर जास्त. तिजोरीत पैसा आला, कामे दिसू लागली आणि माणसे परत आली. नुसत्या सभांनी ते शहर बदलले नाही. सभा आणि कर यांची सांगड घातली तेव्हा बदलले. आणि हेही सांगायला हवे की २००४ च्या निवडणुकीत तो पक्ष हरला, त्यानंतर ही पद्धत नावाला चालू राहिली, तिच्यातला जीव कमी होत गेला आणि २०१७ मध्ये ती थांबवण्यात आली. कायद्याचे कुंपण नसलेली चांगली प्रथा सत्ता बदलली की किती टिकते, याचाही तो नमुना आहे.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. देशातल्या पहिल्या काही प्रयोगांपैकी तो एक. पावसाळ्याच्या सुमारास अर्ज भरायचा, आपल्या प्रभागातले काम सुचवायचे, कामाची मर्यादा पाच लाख रुपये. पदपथ, बाके, पथदिवे, दिशादर्शक फलक, अशी कामे यातून झाली आणि मंजूर कामांची यादी अंदाजपत्रकात छापली गेली. हे काही थोडे नाही. पण पुण्याचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक होते बारा हजार सहाशे कोटींच्या पुढे. त्या डोंगरासमोर पाच लाखांचे बाक. बाकाबद्दल विचारले जाते, उड्डाणपुलाबद्दल विचारले जात नाही. शिवाय अर्ज एकेकट्याने भरायचा असतो. शेजारच्या झोपडपट्टीत स्वच्छतागृह हवे की आपल्या सोसायटीसमोर पदपथ, याचा निवाडा करायला दोघे कधी समोरासमोर येतच नाहीत. आपला अर्ज का नाकारला, हे समजून घ्यायचीही धड सोय नाही.

तशी सोय कागदावर आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांवर बिगरशासकीय संस्थांचे तीन प्रतिनिधी घेता येतात. २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे शहरी ग्रामसभेची, तरतूदही कायद्यात घातली गेली. केंद्राच्या मोठ्या शहरी योजनेचा निधी हवा होता आणि असा कायदा करणे ही त्याची अट होती. निधी आला, कायदा झाला, क्षेत्रसभा काही भरल्या नाहीत. आणि मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच होते. तेवढी वर्षे हजारो कोटींची अंदाजपत्रके एका अधिकाऱ्याने मांडली आणि त्यानेच मंजूर केली. शहरातल्या लोकांनी त्यावर फारसा गलका केला नाही. गावात सरपंच नसला तर लोक तहसीलदाराकडे जातात. शहरात वर्षानुवर्षे नगरसेवक नव्हते, हे कितीजणांना जाणवले?

एक जुनी शंकाही ऐकू येते. लोकांना विचारले की ते आपल्या दारापुरते बघतात, दूरचा विचार करीत नाहीत. दारापुरतेच विचारले तर दारापुरते उत्तर येणार. केरळात १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू झाली तेव्हा राज्याच्या नियोजन निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे गेला. त्याबरोबर प्रत्येक पंचायतीला आपल्या गावाचा विकास अहवाल तयार करायला लावले गेले. जमीन, पाणी, शेती, शाळा, दवाखाने यांची आजची स्थिती आधी लिहायची आणि मग कामे ठरवायची. तिथेही सगळे आलबेल झाले नाही. पण आधी अहवाल, मग कामे हा क्रम त्यांनी राज्यभर नेला.

आपल्याकडे हा क्रम बिघडतो, त्याला तारखाही कारणीभूत आहेत. पुढच्या वर्षाचा गावविकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या काळात आकाराला येतो. पंचायतीचे अंदाजपत्रकही साधारण डिसेंबर-जानेवारीत तयार होऊन पंचायत समितीकडे जाते. म्हणजे २६ जानेवारीला आपण तावातावाने मागणी करतो तेव्हा गाडी स्टेशनातून सुटलेली असते. आराखड्यासाठी महिलांची, मुलांची, वंचित घटकांची सभा घ्यायची असते, त्या या आधीच्या महिन्यांतच. वस्तीपर्यंत पाइप नेण्याचा विषय महिलांच्या सभेत ऑक्टोबरात आला तर त्याला आराखड्यात जागा मिळू शकते. जानेवारीत आला तर वर्षभर थांबा.

आणि सभेला जाण्यापूर्वी कागद बघून जावे. फार नाही, तीनच. नमुना नंबर १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना नंबर ५ म्हणजे रोकड वही आणि मघाशी सांगितलेला नमुना नंबर ९. पहिल्यात गावाने काय ठरवले ते असते, दुसऱ्यात प्रत्यक्ष काय झाले ते आणि तिसऱ्यात कोणाकडे किती बाकी आहे ते. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांना केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगितले तर ती दहा मिनिटांत शोधून देईल. शहरातल्यांसाठी दुसरी सोय. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याची पद्धत होती, तीच २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक संस्थांना लावली. त्या दोन तासांत कितीजण फिरकतात, हा पुन्हा वेगळा विषय.

येत्या २ ऑक्टोबरच्या सभेला दोन-चार घरांनी मिळून जावे. त्यात वस्तीवरचे एक तरी घर असू द्यावे. रस्ता, दिवा, समाजमंदिर हे सगळे नंतर निघेलच. सभा सुरू झाली, मागचे इतिवृत्त वाचून झाले की त्यांच्यातल्या एकाने उभे राहून शांतपणे विचारावे : भाऊसाहेब, गेल्या ३१ मार्चला खात्यावर शिल्लक किती होती?